आक्काचे गाल

माणूस गेलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच्या घरचं कुणीतरी माझ्या दुकानाची पायरी चढायचं. बेळगावात, शहापूरच्या एका बोळात, साड्यांच्या दोन दुकानांमधे माझं दुकान होतं. गेलेल्या माणसांचे फोटो मी मोठे करायचो. मशीनवर नव्हे, हातानं. जुन्या पिवळ्या फोटोवर बारीक चौकोन पाडायचे, बोर्डावर तितकेच मोठे चौकोन पाडायचे, आणि मग काळी पावडर, ती घासून सावली धरायला कागदाची सुरळी आणि तीन ब्रश. बाराव्याला फोटोला हार घालायचा असतो, म्हणून आमच्या धंद्यात उशीर चालत नाही. लग्न पुढं ढकलता येतं, बारावं कोण ढकलणार?

निम्म्या लोकांकडं धड फोटोच नसायचा. लग्नाच्या गर्दीत मागं उभी राहिलेली बाई, अर्धं तोंड दुसऱ्याच्या फेट्याआड, एवढंच घेऊन यायची माणसं. फोटो नाही म्हणून गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही, हे माझ्या गुरूंनी मला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. त्या माणसाच्या तोंडवळ्याचं घरात कोण आहे ते विचारायचं. बहीण असेल, मुलगी असेल, चुलतभाऊ असेल. त्याला माझ्यासमोर स्टुलावर बसवायचं आणि बाकीच्यांना बाकावर. मग एकेक विचारत जायचं. नाक असंच, का जरा बसकं?

आणि मग बघा गंमत. थोरला म्हणायचा बसकं, धाकटा म्हणायचा, छे, सरळ. दोघांची जुंपली की इतका वेळ गप्प बसलेली बायको पदराआडून म्हणायची, "एका बाजूला कललेलं हुतं. तुमाला कुणाला ठावं न्हाय." मी नाक कलवायचो. दोन-दोन तास ही माणसं बसायची, भांडायची, मधेच एखादी जुनी गोष्ट आठवून हसायची आणि हसता हसता रडायला लागायची. मी आपला खोडायचो, काढायचो. डोळ्यांतला पांढरा ठिपका सगळ्यात शेवटी, तोही घरची माणसं समोर असतानाच द्यायचो. तो ठिपका पडला की बायका पदर तोंडाला लावायच्या.

आता एवढं सांगितलं म्हणून मला फार मोठा कलावंत समजू नका. मी खोटंही पुष्कळ काढलं आहे. खानापूरकडच्या एका शेतकऱ्याचा मुलगा म्हणाला, आप्पांना कोट घाला. आप्पा आयुष्यभर बंडीवर राहिलेले. घातला कोट, वर खिशाला पेन लावलं. सही करता येत नव्हती हो त्या माणसाला! सावळ्या बायका मी गोऱ्या केल्या. जिच्या गळ्यात काळ्या पोतीशिवाय कधी काही पडलं नाही, तिला बोरमाळ घातली, पुतळ्या घातल्या. घरची माणसं म्हणायची, जिती असताना जमलं न्हाय, फोटोत तरी असू दे. मी कशाला हात आखडता घेऊ? पावडरीचं सोनं ते.

गुरूंना हे आवडायचं नाही. ते म्हणायचे, बघणाऱ्याला माणूस ओळखू आला पाहिजे, आवडला नाही तरी चालेल. गिऱ्हाइकाचं उलट. त्याला आवडला की बास. गुरू होते तोवर मी दोघांच्या मधे कसाबसा उभा होतो. ते गेल्यावर मी सरळ गिऱ्हाइकाच्या बाजूला जाऊन बसलो.

मग कॉम्प्युटर आले. फोटो धुणारे स्टुडिओवाले सुरकुत्या पुसून द्यायला लागले. मग फ्लेक्स आले. चौकाचौकात गेलेली माणसं निळ्या ढगांत दिसायला लागली, मागं गुलाब, खाली श्रद्धांजली एकदा कन्नडात आणि एकदा मराठीत. माझी गिऱ्हाइकं निम्म्यावर आली, मग चार-दोनवर, मग एक अख्खा पावसाळा कुणी फिरकलंच नाही. शेवटी दुकान शेजारच्या साडीवाल्यानं घेतलं. स्टूल तेवढं मी घरी आणलं. रस्त्यात कुणी भेटलं की विचारायचं, "काय पेंटर, आता काय करताय?" मी म्हणायचो, "वाट बघतोय." कशाची, ते त्यांनीही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

खरं तर माझं एक काम राहिलं होतं. आक्काचं.

आक्का माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, आणि त्याच वर्षी आक्का पांढऱ्या कपाळानं माहेरी परत आली, कडेवर पोर घेऊन. निपाणीत आमचं दोन खोल्यांचं घर. आमच्या त्या गल्लीत दारादारात बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या असायच्या, त्यात आक्का बसली ती चाळीस वर्षं बसली. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. ती तिच्या हाताकडं बघायची नाही, बोलत राहायची. तिच्या विड्यांवर मी शाळा शिकलो, बेळगावात चित्रकलेच्या गुरूंकडं राहिलो. तिच्याच विड्यांवर तिची पोरगी शिकली. माझी ही भाची आज बेळगावात बँकेत चांगल्या हुद्द्यावर आहे.

इतक्या मेलेल्यांची तोंडं काढली, पण आक्काचं कधी काढलं नाही. दरवेळी निपाणीला गेलो की म्हणायचो, "आक्का, बस जरा उजेडात." ती म्हणायची, "व्हय, तुला उद्योग न्हाय, मला हाय. मी मेल्यावर काढ की निवांत." मी म्हणायचो, "तवर माझा हात ऱ्हाईल का?" ती म्हणायची, "मी जिती हाय तवर तुझ्या हाताला काय हुतंय?" आणि सूप पुढं ओढायची. मी हसून सोडून द्यायचो. मला वाटायचं, तिचं तोंड मला पाठ आहे, कधीही काढीन. किती माज होता बघा.

गेल्या माघात आक्का गेली. चार दिवस ताप आणि पाचव्या दिवशी सकाळी संपलं. रक्षाविसर्जन झालं आणि भाची फोटोचं बोलायला लागली, तेव्हा मी म्हटलं, "फोटोचं तू बघू नको. ते माझं काम." ती म्हणाली, "मामा, तुमचा हात थरथरतोय आता." मी म्हटलं, "थरथरू दे. बाराव्याला फोटो भिंतीवर असंल." इतकी वर्षं टाळलेल्या कामाची मला आता घाई झाली होती. एवढं एक तोंड मला खरं काढायचं होतं. कोट नाही, बोरमाळ नाही, जशी होती तशी.

आक्काचा फोटो एकच मिळाला, विडी कामगाराच्या कार्डावरचा. अंगठ्याएवढा, गालांपाशी पुसट झालेला, हनुवटीवर शिक्क्याची शाई. मी भाचीला तिथल्याच एका स्टुलावर बसवलं. तिचा तोंडवळा बापाचा, पण माझ्याशिवाय रक्ताचं दुसरं कुणी नव्हतं. मी माझ्या सवयीनं विचारायला लागलो. आईच्या भुवया अशाच होत्या का विरळ? ओठ मिटलेले असायचे का जरा उघडे? ती आधी काहीबाही सांगत होती. मग एकदम डोळे भरून म्हणाली, "मला नाही ओ सांगता येत, मामा. तिच्या हातचं खाणं आठवतंय, तिची हाक आठवतीया. मी तिच्या तोंडाकडं कधी नीट बघितलंच नाही."

 मी बेळगावला घरी बसून आठ दिवस काम केलं. सकाळच्या उजेडात तीन तास हात बरा चालायचा, पुढं रेघ हलायची. झालं एकदाचं. शेवटचा ठिपका दिला आणि मला रडू फुटलं. आक्का माझ्याकडं बघत होती. मला तसं वाटलं खरं.

बाराव्याच्या सकाळी मी चित्र जुन्या धोतरात गुंडाळून निपाणीच्या बसमधे बसलो. घरात शिरलो तर समोरच्या भिंतीवर फोटो लावून झालेला होता. मोठी सोनेरी फ्रेम, झेंडूचा हार, खाली समई. फोटोत एक प्रसन्न बाई. गुळगुळीत कातडी, भरलेले गाल, ओठांवर बेताचं हसू, केस न केस मोजून घ्यावा असा. आणि कपाळावर ठसठशीत कुंकू.

भाची पुढं आली. "मामा, रागावू नका हं. तुमचं वेळेत होईल का नाही याची मला धास्ती होती. कार्डावरचाच फोटो मोबाईलवर घातला. एआयनं दोन मिनिटांत करून दिला."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. भरल्या घरात मी ओरडलो, "ही कोण बाई? कुणाच्या घरातनं आणलीस ही? आणि कुंकू कशाला? तुझ्या आईच्या कपाळाला पन्नास वर्षांत बोट लागलं न्हाई, ते त्या यंत्राला कोण सांगणार?"

भाची ओरडली नाही. हळूच म्हणाली, "ते आपोआपच आलं, मामा. काढता आलं असतं. मीच ठेवलं. जन्मभर नव्हतं, आता तरी असू दे म्हटलं."

 हेच वाक्य मी बाकावर बसलेल्या किती माणसांच्या तोंडून ऐकलं होतं, आणि दरवेळी मान डोलावून ब्रश उचलला होता. यंत्रानं नवीन काय केलं? आम्ही पेंटर आणि आमची गिऱ्हाइकं, सगळ्यांनी मिळून वर्षानुवर्षं जे सुंदर म्हणून भिंतीवर टांगलं, तेच ते शिकलं असणार. ते इतक्या लवकर शिकेल आणि आपल्याच घरात येऊन उभं राहील, एवढंच मला ठाऊक नव्हतं. एकच फरक मला तिथं उभ्या उभ्या सुचला. त्यानं कुणाला काही विचारलं नव्हतं. नाक बसकं का सरळ यावर कुणी भांडलं नव्हतं. आक्कासाठी कुणाला दोन तास बसावं लागलं नव्हतं.

तरी माझी खुमखुमी गेली नाही. मी गुंडाळलेलं धोतर सोडलं आणि माझं चित्र फोटोखाली भिंतीला टेकवून ठेवलं. म्हटलं, आता बघा.

आक्काच्या शेजारी एक काकी राहते. आक्काच्याच वयाची, चाळीस वर्षं तिच्या मांडीला मांडी लावून विड्या वळलेली. ती गुडघ्यावर हात देत उठली आणि माझ्या चित्रापुढं येऊन बसली. लई वेळ बघितलं.  मग ती म्हणाली, "त्या वरच्या परीस ही बरी हाय रं पेंटर. पर ही बी आमची न्हवं."

मी म्हटलं, "का काकी?"

"आरं, तिला गाल कुठं हुतं? मशेरी लावून लावून दाढा गेल्या, तवाच गाल आत गेलं. खड्डं हुतं की दोन. आनि ह्या डाव्या गालावर काळा डाग. तंबाकूच्या हातानं गालाला टेकून बसायची, ती खूण कवा गेलीच न्हाय. तुला दिसला न्हाय व्हय कधी?"

मी चित्राकडं बघितलं. काकीचं खरं होतं. मी गाल भरले होते. डाग काढलाच नव्हता. जशी होती तशी काढायची असं घोकत बसलो होतो, आणि हातानं आपलं नेहमीचं काम चोख केलं होतं. मला विचारलंसुद्धा नव्हतं. वरच्या फोटोतल्या बाईत आणि माझ्या बाईत फार तर चार बोटांचा फरक. मी इतका वेळ त्या यंत्राला शिव्या देत होतो, आणि माझ्या मनगटात कधीचं तेच बसलेलं होतं. लाज वाटली. आजवर काढलेल्या सगळ्या तोंडांची लाज वाटली. मी चित्र परत गुंडाळलं. 

भिंतीवर अर्थात भाचीचा फोटो राहिला. तिनं घराची किल्ली काकीकडं दिली आणि सांगितलं, रोज तिन्हीसांजेला आईपुढं तेवढा दिवा लावा.

मी नवीन बोर्ड घेतला. या वेळी घाई नव्हती. काकीनं सांगितलेलं सगळं मी घरी येऊन कागदावर टिपून ठेवलं होतं, गालांचे खड्डे, डाग, त्याची जागा. भुवया विरळ काढल्या. ओठ आत ओढलेले काढले. रोज सकाळी हाताशी भांडण. खड्ड्यावर सावली द्यायला गेलो की सुरळी आपोआप ती सावली पुसायला निघायची. सात-आठ वेळा खोडलं, बोर्डाचा कागद सोलपटला, दुसरा घेतला. आणखी एक त्रास होता, तो मी कुणाला सांगितला नाही. डोळे मिटून आक्काला आठवायला गेलं की कुंकू लावलेली ती हसरी बाई आधी यायची. तिला बाजूला सारून मागं उभी असलेली आक्का शोधावी लागायची. दर दिवशी ती जरा आणखी मागं गेलेली असायची.

अडीच-तीन महिने गेले असतील. एक दिवस सकाळी मला पटलं की आता ही आक्का आहे. देखणी मुळीच नाही. दमलेली, गाल आत गेलेली, डाव्या गालावर काळा डाग, आणि कुणी ऐकत नसलं तरी काहीतरी सांगत असल्यासारखं तोंड. गुरू असते तर नुसतं बघत राहिले असते. ठिपका मात्र मी दिला नाही. म्हटलं, तो काकीसमोर द्यायचा. आता तिला इतकं जवळून ओळखणारं तेवढंच एक माणूस उरलं होतं.

उन्हाचा कडाका होता. निपाणीला उतरून चालत घर गाठेपर्यंत शर्ट भिजला. काकी आक्काच्याच उंबऱ्यावर बसली होती, आतून झाडून घेऊन. मला बघून उठली, पाणी दिलं. म्हणाली, "दिवा लावायचा चुकत न्हाय बग रं. रोज दोन गोष्टी बोलत बसतो आमी. ती हसती नुसती." मी खोलीत जाऊन खिडकी उघडली, ब्रश काढला, पांढरा रंग काढला, आणि चित्रावरचं धोतर सोडून ते तिच्यासमोर धरलं.

काकीनं निरखून बघितलं. चष्मा पुसून परत बघितलं. "कोन ही?"

मी म्हटलं, "बघ की नीट. ओळख."

तिनं मान हलवली. "न्हाय बा. आपल्या गल्लीतली न्हवं."

"काकी, आक्का हाय. तूच सांगितलंस न्हवं का, गाल आत गेलेलं, डाग?"

"मी?" ती माझ्याकडं असं बघायला लागली, जणू उन्हानं माझ्या डोक्यावर परिणाम झालाय. मग भिंतीकडं हात करून समजावणीच्या सुरात म्हणाली, "आरं, आक्का ती बग की. कशी भरल्या गालाची हुती. तू भाऊ असून इसरलास व्हय रं?"

  काकीचं म्हणणं खोडायला साक्षीदार नव्हता. भाचीनं आईचं तोंड कधी नीट बघितलं नव्हतं, माझ्या हातावर माझाच विश्वास नव्हता, आणि काकी रोज तिन्हीसांजेला त्या हसऱ्या बाईशी गप्पा मारत होती. ब्रश पिशवीत घातला. रंगाची बाटली बंद केली.

काकीनं चित्र आपल्या हातात घेतलं होतं. तिनं विचारलं, "मग कुनाची काढलीस ही?"

"हाय एका गिऱ्हाइकाची," मी म्हटलं.

तिनं आपल्या पदरानं चित्रावरची धूळ पुसली आणि म्हणाली, "कोन का असंना बिचारी. लई सोसलेली दिसती रं."